भाकरीचं परत पीठ होत नाही: मोबाईलवर लिहिणाऱ्यांसाठी पीडीएफ

"काका, हे बघा की, कर्सरच येईना."

एम.ए.ला असलेल्या एका मुलीनं मोबाईल माझ्या काउंटरवर ठेवला. तिच्या लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण मॅडमनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवलं होतं. तीन ठिकाणी दुरुस्त्या करून संध्याकाळी परत द्यायचं होतं. गुगल डॉक्सच्या यादीत ती फाइल दिसेना. व्हॉट्सॲपवरून उघडली तर दिसायची, पण बोट लावलं की पान नुसतं लहानमोठं व्हायचं. "सकाळपासून हेच करायलेय मी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

अंबाजोगाईत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी स्वतःही लिहितो, आणि तेही मोबाईलवरच. आमच्याकडं लिहिणारी पोरं-पोरी पुष्कळ आहेत: प्रबंधवाले, कवितावाले, तालुक्याच्या बातम्या पाठवणारे, शाळेचे अहवाल करणारे मास्तर. त्यातल्या निम्म्यांकडं लॅपटॉप नाही. सगळा कारभार मोबाईलवर, आणि अडकतात ते नेहमी पीडीएफपाशी. ॲप खराब आहे, मोबाईल जुना आहे, नेट स्लो आहे असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. पीडीएफ ज्या कामासाठी केलेलीच नाही, ते काम आपण तिच्याकडून मागत असतो.

पीडीएफ म्हणजे थापून, भाजून, टोपल्यात ठेवलेली भाकरी. खायला तयार. तिचं परत पीठ करून दुसरी थापता येत नाही. फार तर कुस्करा करता येतो, तो कसा करायचा ते पुढं येईलच.

पोटात काय असतं

हे समजल्याशिवाय पुढच्या पायऱ्या नुसत्या पाठ कराव्या लागतील, म्हणून दोन मिनिटं द्या.

ॲडोबी कंपनीनं पीडीएफ १९९३ मध्ये आणली. २००८ पासून ती आयएसओचं जागतिक मानक आहे. हेतू एकच होता: एका मशीनवर पान जसं दिसतं तसंच दुसऱ्या कुठल्याही मशीनवर दिसावं आणि छापलं जावं. त्यामुळं फाइलीत ‘हा परिच्छेद, ही ओळ, हा शब्द’ अशी नोंद असेलच असं नाही. ‘डाव्या कडेपासून इतकं आत, खालच्या कडेपासून इतकं वर, अमुक फॉन्टमधलं तमुक नंबरचं चित्र ठेव’ अशा हजारो सूचना असतात. एका इंचाचे ७२ भाग धरून माप मोजतात. त्या हिशेबानं ए-फोर पान ५९५ बाय ८४२ भरतं.

आता मधेच एक शब्द घालायचा म्हटलं तर पुढचे शब्द सरकणार कसे? प्रत्येक अक्षर आपापल्या जागी खिळा ठोकून बसवलंय. डॉक्स किंवा वर्डच्या फाइलीत मजकूर पाण्यासारखा वाहतो, पीडीएफमध्ये तो भिंतीवर रंगवलेला असतो. लिहिण्याचं ॲप पीडीएफ ‘उघडतं’ तेव्हा एकतर त्या भिंतीचा फोटो दाखवतं, नाहीतर अक्षरं खरवडून काढून नवी फाइल बनवतं. तिसरा मार्ग नाही.

पहिली पायरी: आधी मूळ फाइल मागा

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. ज्यानं पीडीएफ पाठवली त्याच्याकडं नव्वद टक्के वेळा वर्डची किंवा डॉक्सची फाइल असते. त्या मुलीला मी म्हटलं, "मॅडमना फोन लाव आधी." तिला संकोच वाटत होता. शेवटी लावला. मॅडम म्हणाल्या, "अगं, मग आधी सांगायचं ना," आणि दोन मिनिटांत वर्डची फाइल आली. सकाळपासूनची मगजमारी फुकट गेली, दुसरं काय!

मूळ फाइल मिळाली तर मधले भाग सोडून थेट ‘लिहून झाल्यावर’पाशी या.

दुसरी पायरी: बोट दाबून जात ओळखा

मूळ फाइल मिळत नसेल तर पीडीएफ कुठल्याही वाचायच्या ॲपात उघडा (ड्राइव्ह चालेल, ॲडोबीचं रीडर चालेल) आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा.

शब्द निळा झाला नाही, तर ती बहुतेक स्कॅन केलेली आहे. म्हणजे पीडीएफच्या पिशवीत भरलेले फोटो. अक्षर एकही नाही.

शब्द निळा झाला तर तो कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. जसाच्या तसा आला तर नशीब चांगलं. थोडा मोडका आला, वेलांटी भलतीकडं, जोडाक्षर फुटलेलं, तर ती युनिकोडची (मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या जागतिक पद्धतीची) आहे आणि दुरुस्त होण्यासारखी आहे. आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला आला, तर ती जुन्या फॉन्टची आहे.

फाइल उघडतानाच पासवर्ड मागितला, तर तो प्रकार वेगळा. आधार कार्डाच्या पीडीएफला नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि पुढं जन्माचं साल लागतं, हे आता दुकानात येणाऱ्या आजीबाईंनाही पाठ आहे. अशी कुलूपबंद फाइल लेखन ॲपात घालायचा हट्ट करू नका. रीडरमध्ये पासवर्ड टाकून वाचा आणि हवं ते टिपून घ्या.

आणि ‘फाइल खराब आहे’ असं सांगून उघडतच नसेल तर बहुतेक वेळा डाउनलोड अर्धवट झालेलं असतं. पीडीएफमध्ये कुठली गोष्ट कुठं आहे याची अनुक्रमणिका फाइलीच्या अगदी शेवटी असते. धारूरच्या घाटात रेंज गेली आणि शंभरातले पंचाण्णव टक्केच उतरले, तर गेलेल्या पाच टक्क्यांत नेमकी अनुक्रमणिका जाते. फाइलीची साइज पाठवणाऱ्याकडच्या साइजशी ताडून बघा, कमी असेल तर पुसून परत उतरवा. त्यावर दुरुस्तीची ॲपं शोधत बसू नका.

जुन्या फॉन्टची भानगड

यावर जरा थांबतो, कारण मराठवाड्यातल्या कितीतरी संस्थांचे अहवाल, स्मरणिका, गौरवग्रंथ, जुने दिवाळी अंक याच जातीत मोडतात.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे, पण आपल्या डीटीपीवाल्यांनी कितीतरी वर्षं कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्यावरच काम केलं. अजूनही करतात. या फॉन्टांची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय आणि पडद्यावर मात्र मराठी दिसायचं. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहायचं तर आत साठतं ते असं: छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी, छोटा एच. ‘ई’च्या जागी ‘म’चं चित्र बसवलंय, ‘जे’च्या जागी ‘र’चं, ‘के’च्या जागी कान्याचं. फॉन्ट पीडीएफच्या पोटात असतो म्हणून वाचताना काही कळत नाही. कॉपी करून डॉक्समध्ये टाकलं की फॉन्टची साथ सुटते आणि खरं रूप बाहेर येतं.

लोक काय करतात? मोबाईलमध्ये मराठी फॉन्ट ‘इन्स्टॉल’ करायच्या मागं लागतात. त्यानं काही होत नाही. तुमच्या मोबाईलला मराठी येतं, मजकूरच मराठी नाहीये.

करायचं ते असं. कॉपी केलेला मजकूर फॉन्ट-कन्व्हर्टरमध्ये टाकायचा. कृतिदेव ते युनिकोड करणारी पानं फुकट मिळतात, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालतात. आधी फक्त एक परिच्छेद घाला. नीट आला तर पुढचं करा. नाही आला तर फॉन्ट दुसरा आहे. तो कोणता, हे कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये फाइलीच्या प्रॉपर्टीजमधल्या फॉन्टच्या टॅबमध्ये दिसतं. श्रीलिपीच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, फॉन्टच्या नावापुढचा आकडाही बघावा लागतो, कारण सगळ्या मालिकांचा कोड एकसारखा नाही.

रूपांतर झाल्यावर डोळ्यांत तेल घालून वाचा. अर्धा ‘र’, ‘ऱ्य’, ‘द्य’, ‘ष्ट’ आणि अवतरणचिन्हं या ठिकाणी हमखास घोटाळा असतो. आकड्यांकडं तर विशेष लक्ष द्या. एका स्मरणिकेतला लेख मी असाच बदलून घेतला आणि त्यातल्या साल-तारखा तपासल्या नाहीत. दोन तारखा चुकल्या. ज्यांच्या वडिलांवर लेख होता त्यांनीच फोन करून सांगितलं.

युनिकोड असूनही मोडकं का येतं

आपली लिपी दिसते एका क्रमानं आणि लिहिली जाते दुसऱ्या. ‘स्थिती’ टाइप करताना आधी ‘स्थ’, मग वेलांटी. कागदावर मात्र पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी दिसते. पीडीएफ बनवताना मजकुराची चित्रं होतात, आणि कोणतं चित्र म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता सोबत दिला जातो. तो तक्ता अर्धामुर्धा असला की कॉपी करणाऱ्या ॲपला चित्रं जशी मांडलीत तशी उचलावी लागतात. मग शब्दाच्या सुरुवातीला ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली वेलांटी दिसते. ते वर्तुळ म्हणजे ‘या वेलांटीचं अक्षर सापडेना’ अशी मोबाईलची तक्रार. ‘कीर्ती’तला रफारही असाच भरकटतो.

आणखी दोन त्रास ठरलेले. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारल्यासारखी ओळ तुटते, कारण पीडीएफला ‘परिच्छेद चालू आहे’ हे ठाऊकच नसतं. आणि पान क्रमांक, वरचं शीर्षक, तळटीप हे सगळं वाक्याच्या मधोमध येऊन बसतं. दोन रकान्यांचं पान असेल तर कधीकधी डाव्या रकान्याची ओळ आणि उजव्याची ओळ यांचं लग्न लावलेलं मिळतं. पानभर मजकूर असेल तर हातानं दुरुस्त करा. पन्नास पानं असतील तर मोबाईलवर करू नका. कॉम्प्युटरवरच्या वर्डला २०१३ च्या आवृत्तीपासून पीडीएफ थेट उघडून बदलून घेता येते, आणि तुटलेल्या ओळी तिथं फाइंड-रिप्लेसनं एका झटक्यात जोडता येतात. मराठी त्यातही थोडं सांडतंच, पण तासाचं काम दहा मिनिटांवर येतं. गावातल्या कुठल्याही सेंटरवर बसून होईल.

स्कॅन असेल तर: कुस्करा

फोटोतून अक्षरं ओळखून काढण्याला ओसीआर म्हणतात. मोबाईलवर सगळ्यात सोपा रस्ता गुगल लेन्सचा: पान पडद्यावर मोठं करा, स्क्रीनशॉट घ्या, लेन्समध्ये उघडा, मजकूर निवडा, कॉपी करा. एक-दोन पानांना झकास. छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं. हातानं लिहिलेलं असेल तर अपेक्षा ठेवू नका.

जास्त पानं असतील तर फाइल ड्राइव्हवर चढवून ‘ओपन विथ गुगल डॉक्स’ करायचं. डॉक्स स्वतःच ओसीआर करून मजकुराची नवी फाइल देतं. ही सोय कॉम्प्युटरसाठी आहे. मोबाईलच्या ड्राइव्ह ॲपात शोधून सापडणार नाही. ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ लावून मी कधीमधी जमवतो, पण ते बोटांची परीक्षा बघणारं काम आहे. गुगलच्याच सूचना लक्षात ठेवा: फाइल २ एमबीच्या आत, अक्षरांची उंची निदान १० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके), पान सरळ. मोठी फाइल असेल तर आधी तुकडे पाडा. आडवं स्कॅन झालेलं पान आधी उभं करा.

मराठवाड्यातल्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. त्यामुळं घराण्याचा इतिहास, गावाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाच्या हातात जुन्या नोंदी येतात त्या उर्दूत, नाहीतर मोडीत. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून अशी स्कॅन केलेली कागदं व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतायत आणि लोक माझ्याकडं येतात: "दादा, हे जरा टाइपात आणून द्या." मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण म्हणून मोबाईलमधलं ओसीआर मोडी वाचायला शिकलं असं नाही. ते मोडीचं भलतंच काहीतरी देवनागरी करून देतं, आणि ते खरं मानून चालणारा माणूस फसतो. घाईत, शिकस्ता वळणानं हातानं लिहिलेली उर्दूही तशीच. इथं मोडी जाणणारा, उर्दू जाणणारा जाणता माणूसच लागतो. कागदाचा फोटो मात्र चांगला काढून ठेवा.

ॲप एवढं हतबल का

‘एवढा मोठा मोबाईल आणि साधी पीडीएफ बदलता येईना’ हा प्रश्न मला रोज येतो.

ॲन्ड्रॉइडमध्ये ॲप बनवणाऱ्यांना पीडीएफ दाखवायची तयार सोय मिळाली ती २०१४ च्या ५.० आवृत्तीत. पण ती सोय काय करायची? पानाचं चित्र काढून द्यायची, बस. मजकूर हातात द्यायची नाही, पासवर्डची फाइल उघडायची नाही. मजकूर शोधणं, निवडणं, पासवर्ड टाकणं हे त्या सोयीत आलं थेट २०२४ च्या ॲन्ड्रॉइड १५ मध्ये. म्हणजे दहा वर्षं, ज्या लेखन ॲपला याहून जास्त काही हवं असेल त्यानं वेगळं इंजिन विकत घ्यायचं किंवा घरचं बनवायचं. नोंदी लिहायच्या फुकट ॲपवाल्याला हे परवडणार कसं? तो ‘पीडीएफ जोडता येईल’ एवढंच देतो.

दुसरं कारण रॅमचं. ए-फोर पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) चित्र म्हणून मांडलं तर २४८० बाय ३५०८ ठिपके होतात. एका ठिपक्याला ४ बाइट. गुणाकार करा: एका पानाला जवळजवळ ३५ एमबी. फाइल भले दोनच एमबीची असेल, ती दाबून भरलेली गादी आहे, उलगडली की खोली भरते. चार पानं भराभर सरकवली की स्वस्तातला मोबाईल गरम होतो, ॲप पांढरं पडतं आणि बंद होतं. नेमकं तेव्हाच तुमचं न सेव्ह केलेलं लिखाणही जातं. म्हणून संदर्भाची जाडजूड पीडीएफ आणि लिखाण एकाच ॲपात एकमेकांशेजारी ठेवू नका. पीडीएफ रीडरमध्ये वाचा, लिखाण लिखाणाच्या ॲपात ठेवा.

कोणतं ॲप किती देतं याची थोडक्यात कल्पना: गुगल डॉक्सच्या मोबाईल ॲपात तुमचं लिखाण पीडीएफ करून पाठवता येतं, पण आलेल्या पीडीएफचं पान लेखात जसंच्या तसं चिकटवता येत नाही. पानाचा फोटो टाका किंवा ड्राइव्हची लिंक द्या. एका डॉक्स फाइलीत साधारण १० लाख २० हजार अक्षरं मावतात, त्यामुळं कादंबरी लिहिणाऱ्यानंही घाबरायचं कारण नाही. सॅमसंग नोट्समध्ये पीडीएफ आणून तिच्यावर बोटानं किंवा पेननं लिहिता येतं; पण ते ‘वर’ लिहिणं झालं, आतला मजकूर बदलत नाही. नोशन या नोंदींच्या ॲपच्या फुकट खात्यात एक फाइल ५ एमबीपर्यंतच चढते.

फाइल दिसेना

ॲन्ड्रॉइड १० पासून, २०१९ पासून, एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकवायला बंदी यायला लागली आणि पुढच्या आवृत्तीत ती पक्की झाली. व्हॉट्सॲपनं उतरवलेली पीडीएफ व्हॉट्सॲपच्या खोलीत असते. डॉक्सला ती दिसत नाही, यात दोघांचाही दोष नाही. व्हॉट्सॲपमध्ये फाइल उघडा, तीन टिंबं, शेअर, आणि ‘ड्राइव्ह’ निवडून तिथं ठेवा. मग ती कुठूनही सापडते. पाठवायची फाइल मोठी असेल तर जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं. कागदाचा फोटोसुद्धा ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून पुसट करतं.

लिहून झाल्यावर: पीडीएफ काढणं

डॉक्समध्ये तीन टिंबं, ‘शेअर अँड एक्सपोर्ट’, ‘सेंड अ कॉपी’, पीडीएफ. त्याआधी तिथंच ‘पेज सेटअप’मध्ये कागद ए-फोर आहे का बघा. अमेरिकेतला ‘लेटर’ कागद लावलेला असला तर सेंटरवर प्रिंट मारताना समास बिघडतात आणि बोल दुकानदाराला बसतात.

दुसऱ्या कुठल्या ॲपातून पीडीएफ काढणार असाल तर आधी परीक्षा घ्या. काही ॲपांतलं पीडीएफ बनवणारं इंजिन इंग्रजीपुरतं केलेलं असतं, त्याला जोडाक्षर जोडता येत नाही. लिहिताना पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि पीडीएफमध्ये ‘क्ष’चा पाय मोडून ‘क’ आणि ‘ष’ वेगळे उभे राहतात. माझी परीक्षेची ओळ ही:

‘कीर्तीच्या दऱ्याखोऱ्यांत ट्रॅक्टर रुतला, स्थिती कठीण, ज्ञानेश्वर ऑफिसात, क्षेत्र सव्वा एकर, श्रमाचा ॲडव्हान्स बुडाला.’

अर्थ शोधू नका. ‘र्ती’चा रफार वेलांटीशी भांडतोय का, ‘ऱ्या’ची पापणी टिकली का, ‘ट्रॅ’ एकसंध आहे का, ‘स्थि’ची वेलांटी जागेवर आहे का, ‘ॲ’च्या जागी चौकोन तर नाही, हे बघायला ती केलीय. नव्या ॲपात ही ओळ टाका, पीडीएफ काढा, दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. आपल्याच मोबाईलवर बघण्यात अर्थ नाही.

ओळ मोडली तर ॲपच्या पीडीएफ बटणाऐवजी ‘प्रिंट’ दाबा आणि प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडा. ही सोय ॲन्ड्रॉइडमध्ये २०१३ पासून आहे. प्रिंटच्या रस्त्यानं गेल्यावर जोडाक्षरं बहुतेक वेळा ताळ्यावर येतात. तिथंही फुटली तर मजकूर डॉक्समध्ये नेऊन तिथून काढा.

पीडीएफ काढल्यावर मूळ फाइल पुसू नका. मी हा मूर्खपणा केलेला आहे. मोबाईलमध्ये जागा होईना म्हणून एका लेखमालेच्या मूळ फाइली उडवल्या, ‘पीडीएफ आहेतच की’ म्हणून. वर्षानं एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्यातला एक लेख मागितला, युनिकोडमध्ये, आठशे शब्दांत. पीडीएफवरून परत टाइप करत बसलो दोन रात्री.

"केबी कमी करून द्या"

हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकतो. प्रत्येक साइटची मर्यादा वेगळी असते, ती अपलोडच्या बटणाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेली असते, आणि ती कुणी वाचत नाही. काही ठिकाणी कमीत कमी किती, हेही दिलेलं असतं. फार दाबलेली फाइलही परत येते.

टाइप केलेल्या मजकुराची पीडीएफ मुळातच हलकी असते. जड असतात फोटो. तेव्हा केबी कमी करायची जागा दाबायचं ॲप नाही, स्कॅन करताना आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं अख्ख्या टेबलासकट फोटो काढण्याऐवजी ड्राइव्हमधलं ‘स्कॅन’ वापरा, कडा नीट कापा, रंगाची गरज नसेल तर काळं-पांढरं करा. ३०० ऐवजी १५० डीपीआय केलं तर ठिपके निम्मे नाही, पाव होतात. दाबायचंच असेल तर मूळ स्कॅनवरून एकदाच दाबा. दाबलेल्याला परत दाबलं की सही आणि शिक्का आधी जातात. आणि सातबारा, आधार असली कागदं अनोळखी ‘फ्री कॉम्प्रेस’ साइटवर चढवू नका. ती कुणाच्या सर्व्हरवर जाऊन पडतात, कुणाला ठाऊक!

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, आणि लोक तो दाबून, दुसऱ्या कागदांना जोडून अर्जाला लावतात. डिजिटल सही फाइलीच्या बाइट-बाइटला बांधलेली असते. दाबलं, जोडलं, की सही गेली. दिसायला हिरवी खूण राहील, पण तपासणाऱ्याला ती सही मिळणार नाही. अशी फाइल जशी उतरली तशीच द्या. मर्यादेत बसत नसेल तर प्रिंट आणि झेरॉक्सचा रस्ता धरा.

शेवटचं, आधारच्या नंबरावरच्या काळ्या पट्टीचं. मोबाईलच्या ॲपात पीडीएफवर काळा चौकोन ओढला की नंबर झाकला असं वाटतं. बऱ्याच ॲपांत तो चौकोन वरून ठेवलेला असतो आणि नंबर खाली तसाच असतो. पुसलेली गोष्टही फाइलीत राहू शकते, कारण कितीतरी ॲपं बदल शेवटी जोडतात आणि आधीचं तसंच ठेवतात. खात्रीचा उपाय गावठी आहे: पट्टी ओढा, पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्या फोटोची नवी पीडीएफ करा, तीच पाठवा. पाठवायच्या आधी पट्टीवर बोट दाबून धरा. खालून काही निळं झालं, तर नंबर अजून तिथंच आहे.